दिवस मावळायच्या आत

आरव्ही घेऊन एकट्याने हिंडणाऱ्या माणसाच्या दिवसाचे दोन भाग पडतात. दुपारी चारपर्यंतचा आणि चारनंतरचा. चारपर्यंत रस्ता आपला असतो. डोंगर आवडला तर थांबावं, एखाद्या गावात कॉफी प्यावी, वाट वाकडी करून कुठला तरी जुना पूल बघून यावा. चार वाजले की डोक्यात एकच प्रश्न घोळायला लागतो. आज रात्री गाडी कुठे लावायची?

आधी आरक्षण करून निघालेल्यांना हा प्रश्न पडत नाही. पण अमेरिकेतल्या नावाजलेल्या राष्ट्रीय उद्यानांत आता आरक्षण हेच एक काम होऊन बसलं आहे. योसेमिटीच्या खोऱ्यातल्या कॅम्पग्राउंडच्या जागा पाच महिने आधी, ठरलेल्या तारखेला सकाळी सात वाजता खुल्या होतात आणि उन्हाळ्यातल्या जागा बघता बघता संपतात. पाच महिन्यांनंतरच्या एका मंगळवारी आपण नेमके कुठे असू, हे ज्याला सांगता येतं त्याच्यासाठी ही पद्धत ठीक आहे. ज्याला आज सकाळी उठून दिशा ठरवायची आहे, त्याला दुसरी वाट शोधावी लागते.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. बसएवढ्या मोटरहोमपासून ते डिलिव्हरीच्या व्हॅनमध्ये पलंग, शेगडी आणि छोटा संडास बसवलेल्या कॅम्पर व्हॅनपर्यंत सगळे प्रकार त्यात येतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं हे. पाणी टाकीत, वीज छतावरच्या सौर पट्ट्यांतून, सांडपाणी खालच्या टाकीत. त्यामुळे नळ, विजेची जोडणी, ड्रेनेज यांपैकी काहीही नसलेल्या जागी दोन-चार दिवस निभतं. अशा फुकटच्या, सोयींविना मुक्कामाला तिथे ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. मी कॅलिफोर्नियात राहते आणि गेली काही वर्षं छोटी कॅम्पर व्हॅन घेऊन एकटीच पश्चिमेकडच्या राज्यांत फिरते आहे. हा लेख त्या फिरण्यातून आणि वाटेत भेटलेल्या, माझ्यासारख्याच एकट्या प्रवाशांशी झालेल्या बोलण्यातून आला आहे.

या सगळ्यातून माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली. मनात येईल तिथे थांबता येणं हे प्रवाशाच्या धाडसावर फारसं अवलंबून नसतं. कुणीतरी पूर्वी कायदा केलेला असतो, कुणीतरी आपल्या दुकानाच्या आवारात काणाडोळा केलेला असतो, कुणी आपलं फाटक उघडलेलं असतं. या परवानग्यांवर ते स्वातंत्र्य उभं आहे. आणि त्या परवानग्या सगळ्यांना सारख्या मिळत नाहीत.

नकाशाचे रंग

अमेरिकेच्या पश्चिमेकडे बूनडॉकिंग करायचं तर पहिली गोष्ट शिकावी लागते ती नकाशाचे रंग ओळखण्याची. जमीन कुणाची आहे ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशांत पिवळा रंग ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’चा, म्हणजे बीएलएमचा. हिरवा वनखात्याचा. निळा राज्य सरकारच्या जमिनींचा. पांढरा खाजगी.

पिवळा दिसला की जीव भांड्यात पडतो. बीएलएमकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, देशाच्या एकूण जमिनीच्या साधारण एक दशांश. वनखात्याकडे सुमारे १९.३ कोटी एकर. या जमिनींवर, जिथे मुद्दाम मनाई केलेली नाही तिथे, कॅम्पग्राउंडच्या बाहेर फुकट मुक्काम करता येतो. बीएलएमचा सर्वसाधारण नियम २८ दिवसांत १४ दिवसांचा आहे. मग तिथून हलायचं. आधीच मळलेल्या जागेवरच गाडी लावायची, पाण्याच्या अगदी काठाशी लावायची नाही, कचरा बरोबर न्यायचा. वनखातं आपले रस्त्यांचे नकाशे फुकट देतं. कुठल्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी आहे आणि रस्त्यापासून किती आत मुक्काम करता येतो, ते त्यांत दिलेलं असतं.

ही जमीन सरकारकडे उरली कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात सरकार जमीन वाटत सुटलं होतं. वसाहतकऱ्यांना दिली, रेल्वे कंपन्यांना दिली. जे कोरडं, उंच, नांगराला नकोसं होतं ते मागे उरलं. त्याचा कारभार पाहायला १९४६ मध्ये दोन जुनी खाती एकत्र करून बीएलएम तयार झालं. १९७६ च्या कायद्याने काँग्रेसने ठरवलं की ही जमीन यापुढे सर्वसाधारणपणे सरकारच्याच मालकीची राहील आणि अनेक कामांसाठी वापरली जाईल. त्यात गुरं चारणं आलं, खाणी आल्या, आणि रात्री गाडी लावून झोपणंही आलं.

म्हणूनच नेव्हाडात, जिथे सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे, संध्याकाळी जागा सापडणं सोपं. टेक्सासने १८४५ मध्ये संघराज्यात येताना आपली सार्वजनिक जमीन स्वतःकडेच ठेवली. आज तिथे केंद्राची जमीन दोन टक्क्यांहूनही कमी आहे आणि मैलोन् मैल तारेचं कुंपण आहे. आयोवा, कनेक्टिकट या राज्यांत तर नाममात्र. एकच देश, एकच गाडी, तोच प्रवासी. पण कुठल्या राज्यात सूर्य मावळतो त्यावर त्याची रात्र ठरते.

नकाशावर आणखी एक प्रकार दिसतो. नेव्हाडात, वायोमिंगमध्ये रेल्वेच्या जुन्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना पिवळे आणि पांढरे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे मांडलेले आहेत. १८६२ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना एकआड एक चौरस मैल जमीन दिली गेली, त्याची ही खूण. जमिनीवर मात्र कुठलाच रंग नसतो. तेच झुडूप, तीच माती. मैलभर पुढे गेलं की आपण कुणाच्या तरी खाजगी रानात असतो. फोनवर उपग्रहाच्या मदतीने जमिनीची मालकी दाखवणारी ॲप आहेत, पण नकाशा घरीच उतरवून घेतलेला हवा. कारण जिथे त्याची खरी गरज लागते तिथे मोबाईलला रेंज नसते.

नेव्हाडातून पूर्व-पश्चिम जाणारा यूएस ५० हा रस्ता. ‘लाइफ’ मासिकाने १९८६ मध्ये त्याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं आणि ते नाव चिकटलं. ऑस्टिन गाव सोडलं की पुढच्या युरेकापर्यंत डोंगररांग, मग खोरं, मग पुन्हा डोंगररांग. या टापूत हिकिसन नावाची जागा आहे. खडकांवर आदिवासींनी कोरलेली चित्रं आहेत आणि बीएलएमचं छोटंसं फुकट कॅम्पग्राउंड आहे. एका शरद ऋतूतल्या संध्याकाळी तिथे पोचले तर शिकारीचा हंगाम सुरू झालेला, सगळ्या जागा भरलेल्या. दिवस मावळायला तासभर होता. दुसरी जागा दुपारीच हेरून ठेवली होती. काही मैलांवर एक कच्चा रस्ता पिवळ्या भागात शिरत होता.

अशा रस्त्याला लागताना मी आधी गाडी तोंडाशी उभी करून पायी आत जाते. माती बुटाने दाबून बघते. वरून कोरडी दिसणारी खाऱ्या खोऱ्यातली माती खालून लोण्यासारखी असू शकते. त्या संध्याकाळी माती टणक होती. शंभरेक पावलांवर दगडांचं एक जुनं वर्तुळ होतं, मध्ये राख, आजूबाजूला गाडी वळेल एवढी सपाट जागा. शेणाच्या वाळक्या पोवट्या पडलेल्या, म्हणजे इथे मोकळी गुरं फिरतात. आसपास ओहोळ नाही ना, ते पाहिलं. गाडी आणली, वळवून तोंड रस्त्याकडे केलं, पुढच्या एका चाकाखाली फळी सरकवून पलंग समपातळीत आणला आणि इंजिन बंद केलं. सहा-साडेसहा हजार फुटांवरचं ते खोरं अंधार पडताच गारठलं. रात्रभरात दोन गाड्या गेल्याचं ऐकू आलं. सकाळी गाडीपासून हाताच्या अंतरावर एक काळी गाय उभी होती.

दुकानाच्या दारात

जिथे पिवळा आणि हिरवा रंग संपतो तिथे दुकानं कामाला येतात. वॉलमार्टच्या वाहनतळावर रात्र काढण्याची आरव्हीवाल्यांची पद्धत इतकी रुळली आहे की रँड मॅकनॅलीने रस्त्यांच्या ॲटलासची एक आवृत्ती वॉलमार्टच्या दुकानांच्या यादीसह काढली. कंपनीचं धोरण असं की परवानगी द्यायची की नाही ते त्या त्या दुकानाच्या व्यवस्थापकाने ठरवायचं. ते जागेच्या उपलब्धतेवर आणि गावाच्या नियमांवर अवलंबून. गावाने ठराव करून रात्रीचं पार्किंग बंद केलं असेल तर व्यवस्थापकाच्या हातात काही राहत नाही. अशी गावं वाढत आहेत. जंगल-शिकारीचं सामान विकणाऱ्या कॅबेलाज्, हमरस्त्यांवरची क्रॅकर बॅरल उपाहारगृहं, यांच्याही अनेक शाखांत हीच रीत. सगळीकडे मंत्र एक: आधी विचारायचं.

विचारण्याची एक पद्धत असते. युटातल्या एका गावात ग्राहक सेवेच्या काउंटरवर उभी होते. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर टोपी, हातात गाडीची किल्ली. त्यांनी आधी नमस्कार-चमत्कार केले, मग म्हणाले, “गाडी छोटी आहे, एकटाच आहे. सकाळी सातच्या आत निघेन. कुठल्या बाजूला लावली तर तुम्हाला अडचण होणार नाही?” काउंटरवरच्या बाईंनी आत फोन लावला आणि मालाच्या ट्रकांच्या वाटेपासून दूर, बागेच्या सामानाच्या बाजूचा कोपरा सांगितला. “परवानगी आहे का?” असं नुसतं विचारलं तर नाही म्हणणं सोपं असतं. त्यांनी समोरच्याची अडचण आधी ओळखली आणि तिच्यावरचा उपाय बरोबर आणला. माझी पाळी आली तेव्हा मी तेच शब्द वापरले.

तिथला शिष्टाचार अलिखित आहे, पण कडक आहे. एकच रात्र. खुर्च्या बाहेर मांडायच्या नाहीत, गाडीचं कापडी छत उघडायचं नाही, बार्बेक्यू पेटवायचा नाही. दुकानातून किराणा, इंधन, काहीतरी घ्यायचं. कारण तो वाहनतळ आहे, कॅम्पग्राउंड नाही, आणि ज्या दिवशी तो कॅम्पग्राउंडसारखा दिसायला लागतो त्या दिवशी पाटी लागते.

कसिनो हा आणखी एक आसरा. १९८८ च्या केंद्रीय कायद्यानंतर आदिवासी राष्ट्रांच्या जमिनींवर कसिनो मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. त्यांपैकी अनेकांच्या वाहनतळाचा एक भाग आरव्हींसाठी ठेवलेला असतो. सुरक्षेच्या टेबलावर नाव आणि गाडीचा नंबर नोंदवायचा. रात्रभर दिवे आणि पहारा असतो. म्हणून एकट्या बायका कसिनोला पसंती देतात, हे मी बऱ्याच जणींकडून ऐकलं.

ट्रकवाल्यांची रात्र

हमरस्त्यावर चालकांसाठी विश्रांतिस्थळं असतात. पण तिथेही प्रत्येक राज्याचं घड्याळ वेगळं. कॅलिफोर्नियात आठ तास थांबता येतं, टेक्सासात चोवीस, फ्लोरिडात तीन. तीन तासांत झोप होत नाही. पण डोळे मिटू लागलेल्या माणसाला तीन तासही जीवदान असतात.

या विश्रांतिस्थळांवर पेट्रोल किंवा जेवण का मिळत नाही, असा प्रश्न आपल्याकडून जाणाऱ्या पाहुण्यांना नेहमी पडतो. आंतरराज्य महामार्गांचं जाळं ज्या १९५६ च्या कायद्याने उभं राहिलं, त्या काळातच महामार्गाच्या हद्दीत व्यापारी दुकानांना मनाई केली गेली. गावांतल्या धंद्याला संरक्षण मिळावं, असा हेतू होता. त्यामुळे पंप, खानावळी आणि ट्रकस्टॉप बाहेर पडायच्या वाटांवर एकवटले. पायलट, लव्हज्, टीए यांचे उंच फलक रात्री दूरवरून दिसतात ते तिथे.

ट्रकस्टॉपवर आरव्ही उभी करता येते, पण इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. ट्रकसाठी आखलेल्या लांब जागेत आरव्ही लावू नये. अमेरिकेत ट्रकचालकाला सलग दहा तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते. २०१७ च्या अखेरीपासून बहुतेक ट्रकांत हा हिशेब इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवतं. वेळ संपली की थांबावंच लागतं, आणि थांबायला जागा पुरेशा नाहीत. जेसन रिव्हनबर्ग नावाच्या ट्रकचालकाला ५ मार्च २००९ रोजी दक्षिण कॅरोलिनात माल पोचवण्याची वेळ व्हायची होती. जवळपास सुरक्षित जागा नव्हती म्हणून त्याने एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर ट्रक लावला. तिथे त्याला लुटून ठार मारलं. त्याच्या खिशात सात डॉलर होते. त्याच्या पत्नीने चिकाटीने लढा दिला आणि २०१२ मध्ये ट्रकांच्या पार्किंगसाठी केंद्रीय निधी वापरता येईल अशी तरतूद झाली. ‘जेसनचा कायदा’ या नावाने ती ओळखली जाते. आपल्याला पर्याय असतात. ट्रकचालकाला त्या रात्री तीच एक जागा असते.

अनोळखी अंगण

१९६० च्या सप्टेंबरात कादंबरीकार जॉन स्टाइनबेक अठ्ठावन्न वर्षांचा असताना ‘रोसिनान्ते’ नावाचा कॅम्पर ट्रक आणि चार्ली नावाचा कुत्रा घेऊन देश पाहायला निघाला. त्याचं ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक १९६२ मध्ये आलं. मालकाला विचारून त्याच्या जमिनीवर गाडी लावण्याचे आणि त्या निमित्ताने माणसांशी बोलण्याचे प्रसंग त्यात आहेत. बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने पुढे तोच मार्ग पालथा घातला आणि स्टाइनबेकने पुस्तकातून वाटतं त्याहून बऱ्याच रात्री मोटेल-हॉटेलांत काढल्याचं दाखवून दिलं. तरीही दारावर थाप मारून जागा मागण्याची कल्पना त्या पुस्तकाने अनेकांच्या मनात रुजवली.

आज तीच मागणी सभासदत्वातून होते. फ्रान्समध्ये १९९३ पासून ‘फ्रान्स पॅसिऑन’ ही व्यवस्था आहे. द्राक्षमळेवाले आणि शेतकरी कॅम्पर गाड्यांना एका रात्रीसाठी फुकट जागा देतात. अमेरिकेत ‘हार्वेस्ट होस्ट्स’ त्याच वाटेने गेली. वाइनरी, डेअरी, मधमाश्या पाळणारे, छोटी वस्तुसंग्रहालयं त्यात सामील आहेत. मुक्कामाचे पैसे मागत नाहीत, पण त्यांच्याकडून काहीतरी विकत घ्यावं अशी अपेक्षा असते. ‘बूनडॉकर्स वेलकम’ ही कॅनडातल्या माय-लेकींनी २०१२ मध्ये सुरू केलेली व्यवस्था. तिच्यात लोक आपल्या घराच्या अंगणात परक्याला गाडी लावू देतात. बऱ्याचदा यजमान स्वतः आरव्हीवालेच असतात. त्यांनाही कुणीतरी कधीतरी जागा दिलेली असते. काही जण त्याच दिवशी केलेल्या फोनवरही हो म्हणतात. एकट्या प्रवाशाला तिथे जागेबरोबर दोन शब्द बोलायला माणूस मिळतं, आणि आठवडाभर ओसाड मुलखात काढल्यावर ते जागेइतकंच मोलाचं असतं.

एकटीच्या रात्री

ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट हे २०२० च्या जनगणनेप्रमाणे अडीच हजारांच्या आतल्या वस्तीचं वाळवंटी गाव. थंडीत तिथे आरव्हींचा समुद्र पसरतो. गावालगतच्या बीएलएमच्या जमिनीवर १९८३ पासून दीर्घ मुक्कामाची सोय आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या अख्ख्या हंगामाचा परवाना मिळतो. गावाच्या दफनभूमीत एका दगडी पिरॅमिडवर धातूचा उंट आहे. हाजी अली या उंटवाल्याचं ते स्मारक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकी सैन्याने वाळवंटात उंटांचा प्रयोग केला, तेव्हा तो उंट सांभाळायला आला. ‘हाय जॉली’ असं स्थानिकांनी केलेलं त्याचं नाव अजून तिथे चालतं.

बॉब वेल्स यांनी २०१० मध्ये इथे ‘रबर ट्रॅम्प राँदेव्हू’ हा गाडीत राहणाऱ्यांचा मेळा सुरू केला. जेसिका ब्रूडर यांचं ‘नोमॅडलँड’ (२०१७) आणि त्यावर क्लोई झाओ यांनी केलेला, ऑस्कर मिळवणारा चित्रपट याच जगाबद्दल आहे. मंदीने, आजारपणाने, तुटपुंज्या पेन्शनने घर सुटलेली माणसं आणि हौसेने निघालेली माणसं इथे शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसतात.

तिथे एक निवृत्त परिचारिका भेटल्या. मिनेसोटाच्या. दहा-बारा वर्षं एकट्या व्हॅनमध्ये हिंडत होत्या. रात्रीच्या जागेबद्दल विचारलं तर त्यांनी मला त्यांच्या व्हॅनमध्ये नेऊन दाखवलं. पलंगावरून उठून दार न उघडता दोन पावलांत चालकाच्या आसनावर बसता येत होतं. किल्ली पडद्याशेजारच्या आकड्यावर, रोज तिथेच. पुढे काचेपाशी काहीही ठेवलेलं नाही. “निघायला मला अर्धं मिनिट लागतं,” त्या म्हणाल्या. “कारण सापडायची वाट मी बघत नाही. जागा आवडली नाही की निघते. मन उगाच कुरकुरत नाही, आणि कुरकुरलं तर दहा मैल पुढे जाण्यात माझं काय जातं?”

एकट्या प्रवाशांच्या बोलण्यातून जे वारंवार येतं ते असं. उजेडात पोचायचं, कारण अंधारात जागा वाचता येत नाही. एक जागा मनात असेल तर दुसरी आणि तिसरीही हेरून ठेवायची. म्हणजे पहिली हुकली तरी घाबरायला होत नाही, आणि घाबरलेला माणूस वाईट जागेला हो म्हणतो. इंधन आणि पाणी अर्ध्यावर येऊ द्यायचं नाही. त्या रात्री आपण कुठे आहोत हे एका विश्वासाच्या माणसाला कळवायचं. बाकी जगाला मात्र ती जागा सोडल्यावरच फोटो दाखवायचा. रेंज नसलेल्या मुलखात उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र हवं. गॅसची शेगडी किंवा हीटर वापरत असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र चालू आहे ना, ते झोपण्याआधी तपासायचं. आणि नैऋत्येकडच्या वाळवंटात १५ जून ते ३० सप्टेंबर या तिथल्या पावसाळ्यात कोरड्या ओढ्याच्या पात्रात कधीही मुक्काम करायचा नाही. पाऊस वीस मैलांवर पडतो आणि पाण्याचा लोंढा आपल्यावर येतो.

थांबायचा हक्क कुणाला?

हे सगळं वाचून असं वाटेल की नियम पाळले आणि गोड बोललं की कुणालाही जागा मिळते. इतिहास तसं सांगत नाही.

मोटारी स्वस्त झाल्या तेव्हा, १९२० च्या सुमारास, अमेरिकेतल्या हजारो गावांनी प्रवाशांसाठी फुकट तळ उघडले. डेन्व्हरचं ओव्हरलँड पार्क त्यांत गाजलेलं. पैसेवाले प्रवासी गावात थांबतील, खरेदी करतील, असा हिशेब होता. मग जुन्या फोर्ड गाड्यांतून कामाच्या शोधात फिरणारी गरीब कुटुंबंही त्या तळांवर उतरू लागली. दशक अर्ध्यावर यायच्या आत गावांनी पैसे आकारायला सुरुवात केली. जागेचं भाडं वसूल करणं हा उद्देश होताच, पण त्याहून मोठा उद्देश नको ती माणसं दूर ठेवण्याचा होता. त्या तळांची जागा पुढे खाजगी केबिनांनी आणि मोटेलांनी घेतली.

काळ्या प्रवाशांसाठी तर रात्रीचा प्रश्न जिवाचा होता. अनेक गावांत सूर्य मावळल्यावर त्यांनी दिसू नये असा दंडक होता. हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाहकाने १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ काढलं. कुठल्या गावात कुठलं घर, कुठलं हॉटेल काळ्या माणसाला रात्रीचं आत घेईल, याची ती यादी होती. सार्वजनिक जमीनही त्यातून सुटली नाही. व्हर्जिनियातल्या शेनन्डोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ मध्ये काळ्या पर्यटकांसाठी लुईस माउंटन हे वेगळं ठिकाण उघडलं गेलं. ती वेगवेगळी व्यवस्था मोडीत निघायला पुढचं दशक उलटावं लागलं. तोच रस्ता, तेच आकाश. फक्त थांबायची परवानगी नव्हती.

आज फरक गाडीच्या दिसण्यावरून होतो. चकचकीत मोटरहोम रस्त्याकडेला उभी असेल तर ती पर्यटकाची मानली जाते. काच फुटलेली, छतावर ताडपत्री बांधलेली व्हॅन दिसली की पोलिसांना फोन जातो. लॉस एंजेलिसमध्ये वाहनाचा घरासारखा वापर करायला बंदी घालणारा नियम होता. २०१४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो फार मोघम आहे म्हणून रद्द केला. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओरेगनमधल्या ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. सार्वजनिक जागेत झोपण्यावर शहरांनी दंड लावणं घटनेच्या विरोधात नाही, असं त्यात ठरलं. दुसरीकडे कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात २००४ पासून गाडीत राहणाऱ्यांसाठी रात्रीचे सुरक्षित वाहनतळ चालवले जातात आणि पुढे अनेक शहरांनी तो नमुना घेतला. मी कॅम्पर व्हॅनमध्ये मजेने झोपते आणि शेजारची बाई नाइलाजाने. दोघींनाही रात्री पाठ टेकायला जागा लागते. ती माझ्यापेक्षा तिला जास्त लागते.

जागा बंद होतात कशा

२०२० च्या साथीनंतर आरव्हीवाल्यांची संख्या एकदम वाढली आणि मोकळ्या जमिनीवर त्याचा भार दिसू लागला. युटात मोआबच्या आसपास बीएलएमने अनेक भागांत आता आखून दिलेल्या जागीच मुक्काम करायला परवानगी ठेवली आहे, आणि शौचाची सोय स्वतःबरोबर आणणं सक्तीचं केलं आहे. ॲरिझोनात सेडोनाजवळ वनखात्याने तसंच केलं. कारणं तीच. तुडवलेल्या नव्या वाटा, शेकोट्या, कचरा, मैला. वाळवंटातल्या मातीवर सूक्ष्म जिवांची जी काळपट साय असते ती एका चाकाखाली मोडते आणि भरून यायला अनेक वर्षं जातात. न्यूझीलंडने २०११ च्या कायद्याने असा मोकळा मुक्काम मूलतः खुला ठेवला आणि स्थानिक संस्थांना निर्बंध घालायचा अधिकार दिला. मग तक्रारी वाढल्या आणि २०२३ च्या कायद्याने गाडीत पक्का बसवलेला संडास असल्याखेरीज तिला ‘स्वयंपूर्ण’ म्हणून मान्यता मिळेनाशी झाली.

हे निर्बंध मला जाचक वाटत नाहीत. जी जागा मला कुणीतरी मोकळी ठेवून दिली, ती पुढच्याला तशीच मिळायला हवी. सकाळी निघताना मी गाडीभोवती एक फेरी मारते, आपलं आणि आधीच्या कुणाचं राहिलेलं उचलते. क्वार्ट्झसाइटला भेटलेल्या त्या परिचारिकाबाईंनी मला ही सवय लावली.

आपल्याकडे

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन गाड्या आणि त्यांच्यासाठी पाणी, वीज, रस्ता असलेली पार्क यांना प्रोत्साहन देणं हा त्याचा गाभा आहे. हे चांगलंच आहे. पण अमेरिकेतला अनुभव सांगतो की आरक्षित पार्क हा या प्रवासाचा एक भाग झाला. दुसरा, जास्त महत्त्वाचा भाग म्हणजे वाटेत अचानक थांबावं लागलं तर उजेड, पाणी, स्वच्छ संडास आणि हुसकावून न लावणारा माणूस असलेली जागा. ती कॅराव्हॅनवाल्या हौशी माणसाला जितकी हवी त्याच्या कितीतरी पट ट्रकचालकाला हवी, वारीहून परतणाऱ्या टेम्पोतल्या बायकांना हवी, ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला हवी.

आपल्याकडे ही सोय आजवर धाब्यांनी केली. जेवण घेतलं की खाट मिळते, ट्रक उभा करता येतो. पण एकट्या बाईने तिथे रात्र काढावी अशी ती जागा नसते, आणि बऱ्याच ठिकाणी बायकांसाठी धड संडासही नसतो. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला तेव्हा वाटेत थांबायच्या सोयी अपुऱ्या असल्याची तक्रार सुरुवातीपासून झाली. सरळ, वेगवान रस्त्यावर झापड येते हे प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. रस्ता बांधताना थांबायची जागा हा नंतरचा विषय मानला तर त्याची किंमत माणसं मोजतात.

म्हणून माझं म्हणणं असं की, महामार्गाच्या आराखड्यात थांबायच्या जागांना पूल आणि बोगद्यांइतकंच वजन द्यावं. दर काही अंतरावर ट्रकसाठी पुरेशा लांब जागा, बायकांसाठी वेगळे, उजेडातले संडास, रात्रभर माणूस असलेली चौकी, पिण्याचं पाणी, आणि गाडी कुठल्या दर्जाची आहे ते न विचारता थांबायची मुभा. कॅराव्हॅन पार्कांच्या परवान्यातही अशी अट घालावी की आगाऊ आरक्षण नसलेल्यांसाठी रोज काही जागा राखून ठेवल्या जातील. हे करायला नवीन तंत्रज्ञान लागत नाही, पैसाही रस्त्याच्या खर्चापुढे नगण्य लागतो. वाटेत अंधार गाठला तर थांबायचं कुठे, या प्रश्नाचं उत्तर प्रवाशाच्या हुशारीवर सोडून न देता रस्ता बांधणाऱ्यानेच आधी देऊन ठेवायला हवं.